जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डचे आणि मागचे दिवे : बिघाड नेमका शोधण्याची पद्धत

नाशिक जिल्ह्यात पिकअपचे बरेचसे काम अंधारात होते. लिलावात लवकर नंबर लागावा म्हणून कांद्याची गाडी पहाटेच लासलगावच्या रस्त्याला लागते, पिंपळगावला टोमॅटो खाली करून परतताना रात्र होते, आणि मुंबईचा भाजीबाजार गाठायचा असेल तर कसारा घाट मध्यरात्रीच उतरावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे धुके पडते तेव्हा मागून येणाऱ्या वाहनाला आपली गाडी दिसते ती केवळ मागच्या दोन लाल दिव्यांमुळे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ प्रमाणे हे लाल दिवे मागून १५५ मीटर अंतरावरून दिसले पाहिजेत आणि नंबर प्लेटवर पडणाऱ्या पांढऱ्या उजेडात मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की तिचे फिटनेस दरवर्षी करावे लागते आणि त्या तपासणीत दिवे पाहिले जातातच.

असे असूनही या दिव्यांची दुरुस्ती बहुधा अंदाजाने केली जाते. दिवा गेला की बल्ब बदलायचा, फ्यूज उडला की त्याहून मोठा फ्यूज घालायचा आणि तेवढ्याने भागले नाही तर बॅटरीवरून थेट नवी वायर मागे ओढायची, असा क्रम सर्रास दिसतो. यांपैकी एकाही उपायात बिघाड कुठे आहे हे कोणी पाहिलेले नसते. खाली दिलेली पद्धत महिंद्रा बोलेरो पिकअप, कॅम्पर, टाटा २०७ अशा १२ व्होल्टच्या, साध्या बल्बच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. मॉडेलनुसार फ्यूजची जागा आणि वायरींचे रंग बदलतात, पण तर्क बदलत नाही.

कोणता दिवा कोणाबरोबर गेला

हातात पाना घेण्याआधी गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि एका माणसाला मागे उभे करून सगळे दिवे एकेक करून लावून पाहावेत. प्रथम फक्त पार्किंगचे दिवे, मग हेडलाइट, मग पार्किंगसह ब्रेक, पार्किंगसह डावा व उजवा इंडिकेटर, आणि शेवटी पार्किंग, ब्रेक व इंडिकेटर एकाच वेळी. जे दिसेल ते कागदावर लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचा निम्मा शोध याच कागदावर होतो.

याचे कारण असे की डॅशबोर्डमध्ये दिव्यांचे दोन वेगळे गट असतात आणि त्यांना करंट वेगवेगळ्या वाटेने मिळतो. स्पीडोमीटर आणि काट्यांच्या मागे जो उजेड असतो तो पार्किंगच्या सर्किटवर चालतो. म्हणजे पुढचे पार्किंग दिवे, मागचे लाल दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरचा उजेड ही सगळी मंडळी एकाच स्विचवरून पेटतात. काही मॉडेलमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला दोन स्वतंत्र फ्यूज असतात, काहींत एकच. याउलट ऑइल, बॅटरी, हँडब्रेक यांचे इशारे देणारे दिवे आणि डिझेल व तापमानाचे काटे चावी फिरवल्यावर मिळणाऱ्या करंटवर चालतात. मागचा ब्रेक लाइट आणि इंडिकेटर यांचेही मार्ग स्वतंत्र असतात.

त्यामुळे मीटरचा उजेड आणि मागचे लाल दिवे एकाच वेळी गेले असतील, तर बल्ब खोलत बसण्यात अर्थ नाही. एकदम चार-पाच बल्ब उडत नसतात. दोष या सर्वांना सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे पार्किंगचा फ्यूज, स्टिअरिंगवरील कॉम्बिनेशन स्विच (दिवे-इंडिकेटरचा दांडा) किंवा त्यांमधील कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) येथे शोधावा. मागचे दिवे नीट पेटतात आणि फक्त मीटरच अंधारात आहे, तर दोष क्लस्टरमध्ये (स्पीडोमीटर व काट्यांच्या एकत्रित पेटीत) किंवा उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणात आहे. मीटरचा उजेड आहे, पुढचे पार्किंग आहेत, पण मागचे दोन्ही लाल दिवे नाहीत, तर केबिनमधून चेसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) जाणारा कपलर किंवा त्यापुढची वायर पाहावी. एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर बल्ब, होल्डर आणि त्या बाजूची अर्थिंग (करंट चेसिसमार्गे बॅटरीला परत नेणारी जोडणी) एवढेच तपासायचे असते.

एक लक्षण मात्र पाहणाऱ्याला चक्रावून टाकते. पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा उजेड मंदसा पेटतो. अनेकांना वाटते की वायरिंग कुठेतरी एकमेकांना चिकटले आहे, आणि मग सगळे हार्नेस (वायरींचा जुडगा) उघडले जाते. खरे तर ही बहुतेक वेळा मागच्या दिव्याच्या अर्थिंगची तक्रार असते. होल्डरची अर्थिंग तुटली की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परत जायला वाट उरत नाही. मग तो त्याच बल्बच्या दुसऱ्या, पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरने पुढे येतो आणि मीटरच्या व पुढच्या पार्किंगच्या बल्बांमधून अर्थ गाठतो. इंडिकेटर लावल्यावर त्याच बाजूचा लाल दिवा त्याच्या तालावर लुकलुकणे, ब्रेक दाबताच लाल दिवा अधिक उजळण्याऐवजी मंद होणे, ही त्याच दोषाची दुसरी रूपे आहेत. डॅशबोर्डच्या लक्षणाचे मूळ मागच्या नंबर प्लेटशेजारी असू शकते, हे एकदा ध्यानात आले की पुष्कळ व्यर्थ खोलाखोल वाचते.

हाताशी काय असावे

टेस्ट लॅम्प, साधा मल्टीमीटर, १० नंबरचा पाना, चपटा व फुली स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडी पेट्रोलियम जेली, १ आणि १.५ चौरस मिलिमीटरची वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), चांगली इन्सुलेशन टेप आणि काही फ्यूज व बल्ब एवढे पुरते. टेस्ट लॅम्प विकतचा नसला तरी २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घेऊन त्याला दोन लांब वायरी जोडल्या की काम होते. मल्टीमीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला, असे कोणी विचारेल. वायरीच्या आतल्या तारा गंजून एखादीच धड उरली असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मोजताना त्यातून जवळजवळ करंट वाहतच नाही. टेस्ट लॅम्प मात्र त्या वायरीवर भार टाकतो आणि पेटायला नकार देऊन तिचे खरे रूप दाखवतो. जुन्या गाडीत आधी टेस्ट लॅम्प आणि नंतर आकडा हवा असेल तेव्हा मीटर, असाच क्रम ठेवावा.

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. तो १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, आणि दर पंधरवड्याला बल्ब का उडतात या कोड्याचे उत्तर तिथेच मिळते. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर निगेटिव्ह आधी काढावे, दोन्ही टर्मिनल कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून घट्ट बसवावेत आणि निगेटिव्ह शेवटी लावावे. बॅटरीच्या निगेटिव्हवरून चेसिसला व इंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्यांचे बोल्टही याच वेळी पाहून घ्यावेत.

फ्यूज आणि त्याचे गणित

फ्यूज बॉक्स बहुधा डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो आणि झाकणावर कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो, अर्थात झाकण जागेवर असेल तर. पात्याच्या फ्यूजचा रंगच त्याची क्षमता सांगतो: तपकिरी साडेसात अँपिअर, लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३०. फ्यूज न काढताही तपासता येतो. टेस्ट लॅम्पची एक वायर चेसिसला लावावी, पार्किंग चालू करावे आणि फ्यूजच्या डोक्यावरील दोन उघड्या टिंबांना टोक लावून पाहावे. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला. एकीकडेच पेटला तर उडालेला. कुठेच पेटला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही. फार जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे किंवा चिनी मातीचे फ्यूज असतात. ते न उडताही त्यांच्या क्लिपांवर गंज बसून दिवे जातात. अशा वेळी फ्यूज जागेवरच बोटांनी फिरवला की दिवे पेटतात आणि दोन दिवसांनी पुन्हा जातात. तिथे क्लिपा पॉलिश पेपरने घासून किंचित आत दाबणे हाच उपाय आहे.

फ्यूज उडालेला सापडला तर नवा घालण्याआधी थोडे गणित करावे. पुढचे दोन पार्किंग आणि मागचे दोन लाल दिवे प्रत्येकी ५ वॅटचे, नंबर प्लेटचा एक ५ वॅटचा आणि मीटरचे लहान बल्ब मिळून साधारण १० वॅट धरले तरी एकूण भार ३५ वॅटच्या पुढे जात नाही. १२ व्होल्टवर हा भार ३ अँपिअरच्या आसपास येतो. म्हणजे १० अँपिअरचा फ्यूज या दिव्यांच्या भाराने उडूच शकत नाही. तो उडाला याचा अर्थ एकतर कुठेतरी वायर उघडी पडून चेसिसला लागते आहे, किंवा हौद्यावरच्या रंगीत पट्ट्या, जादा दिवे, गाण्यांचा टेप असे काहीतरी कोणीतरी पार्किंगच्या वायरीतून जोडून घेतले आहे. या स्थितीत २० किंवा ३० अँपिअरचा फ्यूज घालणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणे, याचा अर्थ बारीक वायरीलाच फ्यूज बनवणे. ती वायर जिथे वितळते तिथे शेजारी इतर दहा वायरी आणि वर सीटचा फोम असतो.

शॉर्ट शोधताना दहा-बारा फ्यूज जाळण्याची गरज नसते. मागचे-पुढचे पार्किंगचे बल्ब काढावेत, उडालेला फ्यूज उपसावा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये २१ वॅटच्या बल्बच्या दोन वायरी जोडाव्यात. पार्किंगचा स्विच चालू केल्यावर हा बल्ब लखलखीत पेटला तर शॉर्ट कायम आहे. मीटरमधले लहान बल्ब अजून जागेवर असल्याने तो मंदसा लालसर दिसला तर ते साहजिक आहे. लखलखीत पेटलेला बल्ब तसाच ठेवून एकेक कपलर सोडवत जावे. चेसिसकडे जाणारा कपलर काढताच बल्ब मंदावला तर दोष मागच्या वायरीत आहे. तरीही तसाच राहिला तर केबिनमध्ये किंवा पुढे आहे. मग कपलर पुन्हा जोडून, वायर हलवत-हलवत मागे जावे. ज्या ठिकाणी हात लागताच बल्ब फडफडतो ती जागा दोषाची.

पिकअपमध्ये या जागा ठरलेल्या असतात. केबिनच्या तळातून वायर बाहेर पडते तिथला रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेचे रबरी कडे) निघून पत्र्याची कड वायरीला कापते. सायलेन्सरजवळून गेलेली वायर उष्णतेने कडक होऊन तडकते. आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरून जाणारी वायर क्लिप तुटल्यामुळे खाली लोंबते. निफाड तालुक्यातील एका गाडीचा फ्यूज रिकाम्या गाडीत महिनाभर टिकायचा आणि द्राक्षाचे क्रेट भरले की तासाभरात उडायचा. घरासमोर उभ्या, रिकाम्या गाडीत कितीही तपासले तरी सगळे ठीक दिसत होते. अखेर माल भरलेल्या गाडीखाली टॉर्च घेऊन पाहिले तेव्हा कळले की पाटे दबल्यावर चेसिस आणि ॲक्सल यांच्यातील अंतर कमी होऊन लोंबणारी वायर मध्ये चेंगरली जात होती. वरच्या टेपवर नखाएवढा चमकदार डाग होता, आणि त्या डागाखाली तांबे उघडे पडलेले होते. भार असताना येणारा दोष भार टाकूनच शोधावा लागतो.

ज्या गाड्या कांदाचाळीजवळ किंवा खताच्या गोदामाशेजारी उभ्या राहतात त्यांच्या बाबतीत उंदरांचाही विचार करावा. डॅशबोर्डखाली किंवा इंजिनाच्या कोपऱ्यात कांद्याची टरफले, सुतळीचे तुकडे दिसले तर त्या भागातील वायरी बोटाने चाचपून पाहाव्यात. कुरतडलेली वायर टेपने गुंडाळण्यापेक्षा तेवढा तुकडा बदलून जोडावर स्लीव्ह चढवणे बरे.

मागचा दिवा : बल्ब, होल्डर, अर्थिंग

मागच्या लाल दिव्यात बहुतेक गाड्यांत १२ व्होल्ट, २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब असतो. ५ वॅटचे फिलामेंट पार्किंगचे आणि २१ वॅटचे ब्रेकचे. त्याच्या बुडाच्या दोन बाजूंच्या पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्या याचसाठी की तो उलटा बसू नये. पण झिजलेल्या होल्डरमध्ये जोर लावून तो उलटाही बसवता येतो, आणि मग पार्किंगला दिवा भगभगीत व ब्रेकला मंद असा उलटा कारभार होतो. दुकानातून घाईत एका फिलामेंटचा बल्ब आणून दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये कोंबल्यास त्याचे एकच टोक दोन्ही संपर्कांना जोडते, आणि तेव्हाही ब्रेक दाबताच डॅशबोर्ड उजळतो. म्हणून वर सांगितलेल्या त्या चक्रावणाऱ्या लक्षणात सर्वप्रथम बल्ब काढून त्याच्या बुडावर दोन टिंबे आहेत ना, आणि काचेच्या आत एक फिलामेंट तुटून दुसऱ्याला चिकटलेले नाही ना, हे पाहावे. काच आतून काळवंडली असेल तर बल्ब पेटत असला तरी बदलावा.

बल्ब चांगला असेल तर होल्डरमध्ये डोकवावे. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे फिरलेल्या गाडीच्या होल्डरमध्ये तळाला दोन पितळी टिकल्या दिसतात, त्यांपैकी एकीवर मातकट पापुद्रा असतो आणि दुसरीच्या कडेने हिरवट भुकटी जमलेली असते. टिकलीखालची स्प्रिंग दाबल्यावर वर येत नाही. पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून टिकल्या आणि होल्डरची आतली भिंत घासावी, क्लीनर मारावा, स्प्रिंग हलती करावी आणि पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्यावा. स्प्रिंग गंजून तुटली असेल तर होल्डरच बदलावा. तो महाग नसतो. लाल काचेखालचे रबर कडक झाले असेल तर तेही त्याच वेळी बदलावे, नाहीतर गाडी धुताना मारलेला पाण्याचा फवारा थेट आत जातो. दिव्याच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी असलेले लहान छिद्र मात्र सिलिकॉन लावून बंद करू नये.

आता अर्थिंग. बल्बमधून गेलेला करंट चेसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो, आणि नाशिककडच्या पिकअपमध्ये ही परतीची वाट जितकी खराब सापडते तितके दुसरे काहीच सापडत नाही. द्राक्षबागेसाठी नेलेले मोरचूद, बोर्डो मिश्रणाचे ड्रम, युरिया आणि अमोनियम सल्फेटच्या फाटक्या गोण्या यांचे पाणी हौद्याच्या फटीतून नेमके मागच्या क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) ठिबकते. ही खते हवेतील ओल शोषून घेतात आणि मोरचुदाचे पाणी लोखंडाला अक्षरशः खाते. दिव्याच्या मागे चेसिसला स्क्रूने आवळलेली काळी वायर वरून धड दिसते, पण स्क्रू सोडवला की थिंबलखालून गंजाची पपडी निघते.

दोष अर्थिंगचाच आहे का, हे ठरवायला दोन मिनिटे पुरतात. दिवा चालू ठेवून एका लांब वायरीचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे होल्डरच्या धातूच्या भागाला किंवा त्याच्या काळ्या वायरीला लावावे. दिवा एकदम सुधारला, लुकलुकणे थांबले, ब्रेक दाबल्यावर मीटर पेटायचे बंद झाले, तर शोध संपला. आकड्यात पाहायचे असेल तर मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, पार्किंग आणि ब्रेक दोन्ही चालू असताना, लाल टोक होल्डरच्या धातूला आणि काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर ती दुरुस्त करावी. तसेच लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला व काळे टोक होल्डरमधील पार्किंगच्या टिकलीला लावून करंटच्या वाटेतली घटही मोजावी. ठिबकच्या लांब नळीच्या शेवटच्या झाडाला दाब कमी पडतो, तसा प्रत्येक गंजलेल्या कपलरवर थोडा-थोडा व्होल्ट खर्ची पडतो. ही घट क्षुल्लक समजू नये, कारण साध्या बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की त्याचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो.

दुरुस्ती करताना जुन्याच गंजक्या छिद्रात स्क्रू पुन्हा आवळण्यापेक्षा शेजारी स्वच्छ जागा निवडावी, तेथील रंग व गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावा, १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीला थिंबल दाबून बसवावे, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि सगळे घट्ट झाल्यावर वरून जेली किंवा रंग लावावा. आधी जेली आणि मग बोल्ट असे करू नये. डाव्या-उजव्या दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी एकमेकींना जोडून ठेवल्या तर एका बाजूचा बोल्ट पुढे गंजला तरी दुसरी बाजू सांभाळून घेते. हौद्याच्या पत्र्याला अर्थिंग देणे टाळावे. ती जोडणी चेसिसलाच हवी, कारण हौदा आणि चेसिस यांच्यामध्ये लाकूड किंवा रबर असू शकते.

ब्रेक लाइट दोन्हीकडे पेटत नसतील तर त्यांचा फ्यूज पाहून पेडलजवळच्या स्विचकडे जावे. स्विचच्या दोन वायरी काढून क्षणभर एकमेकींना टेकवल्यावर दिवे पेटले, तर स्विच बदलावा किंवा त्याचे नट सोडवून अंतर जुळवावे. काही मॉडेलमध्ये या तपासणीसाठी चावी चालू असावी लागते. इंडिकेटर एका बाजूला भरभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे.

डॅशबोर्ड उघडताना

मीटरच्या मागे हात घालण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह काढावे. तिथल्या अरुंद जागेत पान्याचे टोक कुठेही लागू शकते. उजेड कमी-जास्त करण्याचे फिरते बटण असेल तर ते खोलण्याआधी दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवून पाहावे. त्याच्या आतील तारेवर धूळ बसते, आणि बरेचदा तेवढ्यानेच मीटर उजळतो.

क्लस्टरच्या भोवतीची प्लॅस्टिकची चौकट स्क्रू काढून सोडवावी, क्लस्टर थोडा पुढे ओढावा आणि मागून स्पीडोमीटरची केबल क्लिप दाबून किंवा नट फिरवून मोकळी करावी. जोर लावू नये; जुने प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ झालेले असते. कपलर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मागे लहान होल्डर दिसतात, ते पाव फेरा डावीकडे फिरवल्यावर निघतात आणि त्यातील बिनबुडाचा बल्ब सरळ ओढून काढता येतो. नवा बल्ब त्याच वॅटचा घ्यावा. जास्त उजेडाच्या मोहाने मोठ्या वॅटचा घातल्यास काही दिवसांत क्लस्टरचे पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडून वाकते. एलईडी बसवला आणि तो पेटला नाही, तर उलटा फिरवून बसवावा, कारण त्याला दिशा असते.

बल्ब चांगले असूनही काही भाग अंधारातच राहत असेल तर क्लस्टरच्या पाठीवरची लवचिक छापील पट्टी पाहावी. होल्डरच्या पायाखालील तांब्याची चकती काळी पडलेली किंवा उचकटलेली असते. काळी पडली असेल तर खोडरबराने हलके घासावी. तुटली असेल तर तेवढी रेघ बारीक वायरीने डाग (सोल्डर) देऊन जोडता येते, पण हात स्थिर नसेल तर ते काम जाणकाराकडे द्यावे. डिझेलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचे दाखवू लागले, तर टाकीतला फ्लोट आणि इंजिनवरचा सेन्सर दोन्ही एकदम बिघडले असे मानू नये. दोष क्लस्टरच्या अर्थिंगमध्ये किंवा, असल्यास, मीटरच्या लहान व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्ये असतो.

इशाऱ्याच्या दिव्यांपैकी बॅटरीच्या दिव्याकडे विशेष लक्ष द्यावे. चावी लावल्यावर तो पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो, म्हणून तो बल्ब उडाला की अल्टरनेटर चार्ज करायचाच थांबू शकतो. त्या जागी साधा एलईडी घालू नये. त्यातून पुरेसा करंट जात नाही. ऑइलचा दिवा चावी लावूनही पेटत नसेल तर इंजिनवरील ऑइल स्विचची वायर काढून क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवावी. दिवा पेटला तर स्विच खराब, न पेटला तर बल्ब किंवा वायर. हा दिवा इंजिन चालू असताना पेटून राहिला, तर मात्र दिव्याचा दोष शोधण्याआधी इंजिन बंद करून ऑइलची पातळी पाहावी.

कॉम्बिनेशन स्विच

फ्यूजपर्यंत करंट येत नसेल, किंवा स्विच वर-खाली हलवल्यावर दिवे येत-जात असतील, तर संशय स्टिअरिंगवरील स्विचवर जातो. दिवे अर्धा तास चालू ठेवून स्टिअरिंगखालच्या कपलरला हात लावावा. तो चटका बसण्याइतका गरम झाला असेल किंवा त्याची एक खाच तपकिरी पडली असेल तर तिथला संपर्क ढिला आहे. टेस्ट लॅम्पने स्विचमध्ये येणाऱ्या आणि स्विचमधून पार्किंगकडे जाणाऱ्या वायरी तपासाव्यात. आत करंट आहे आणि बाहेर नाही, तर क्लीनर मारून स्विच वीस-तीस वेळा चालू-बंद करून पाहावे. तेवढ्याने काम झाले तरी आतील संपर्क जळालेले असल्याने ते फार टिकत नाही. नवा स्विच घालताना कपलरची जळलेली पिनही बदलावी, नाहीतर नवा स्विचही त्याच जागी भाजतो. हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब घातलेले असतील तर त्यांचा भार रिलेवर (मोठा करंट वेगळ्या वाटेने नेणाऱ्या स्विचवर) टाकून घ्यावा. पार्किंगचे संपर्क त्याच स्विचमध्ये, त्यांच्या शेजारीच असतात.

काम वायरमनकडे द्यायचे ठरले तरी सुरुवातीचा तो कागद आणि मोजलेले आकडे त्याच्या हाती द्यावेत. कुरतडलेले किंवा वितळलेले संपूर्ण हार्नेस, हात स्थिर नसेल तर क्लस्टरच्या पट्टीचे डाग आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर ही कामे घरी करू नयेत. दुरुस्तीनंतरची तपासणी मात्र स्वतः करावी: गाडीत माल भरून, इंजिन चालू ठेवून, पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र लावावेत आणि कोणी मदतीला नसेल तर गाडीची पाठ रात्री भिंतीकडे करून भिंतीवर पडणारा उजेड आरशात पाहावा. हौद्याचा मागचा फाळका एकदा उघडून व एकदा जोरात लावून तीच तपासणी पुन्हा करावी, कारण ढिला राहिलेला बल्ब त्या धक्क्यालाच उघडा पडतो.